टिकलीचे सहा पाय

माझं जमत आलेलं लग्न दोनदा मोडलं, आणि दोन्ही वेळा पाण्यातल्या किड्यांनी मोडलं. पहिल्या स्थळाने विचारलं, मुलगी काय करते? मी उत्साहाने सांगितलं, "पाण्यातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या ओळखते. जबडे, नख्या आणि शेपटी पाहून." पोह्यांची बशी अर्धी ठेवून मंडळी उठली. दुसऱ्या स्थळाला मी नुसतं "अळ्या" म्हटलं. ते पोहे संपवून उठले, एवढीच प्रगती.

तिसऱ्या वेळी मायने मला बोलूच दिलं नाही. "पोरगी प्रयोगशाळेत हाये. पाण्याचं पाहते."

"म्हणजे नळयोजना?"

"तसंच समजा."

माझा नवरा लग्नानंतर वर्षभर या समजात होता, की कधीतरी आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरी नळाला जास्त दाबाने पाणी येईल. ते आलं नाही. बाटल्यांतून अळ्या मात्र आल्या. फ्रीजमध्ये दह्याशेजारी बसल्या. त्याने एकदा चुकून झाकण उघडलं, वास घेतला, बंद केलं आणि शांतपणे म्हणाला, "तुह्या मायले दंडवत आहे."

सव्वीस वर्षं मी हे काम केलं. गेल्या वर्षी मुदतीआधी निवृत्ती घेतली. प्रयोगशाळेचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून मला दिवाळीला बोलावतात आणि त्यांचा चिवडा चांगला असतो.

आता हे काम काय, ते सांगते. अळी म्हणजे भुंगेऱ्याचं पोर. पण हे पोर आईबापासारखं मुळीच दिसत नाही, त्यामुळे आत्याबाईंसारखं "अगदी बापावर गेलंय" म्हणून चालत नाही. प्रत्येक पोराची अंगं तपासावी लागतात. पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घ्यायचं, मऊ ब्रशने अळी सोडायची आणि भिंगाखाली तिची झडती घ्यायची. जबडे विळ्यासारखे वाकडे, पायाच्या टोकाला दोन नख्या, शेपटीला दोन लांब टोकं? ही बुडी मारणाऱ्या भुंगेऱ्याची लेक. शेपटी वर करून श्वास घेते, भक्ष्याच्या अंगात जबडे रुतवते आणि नारळपाण्यासारखं आतलं सगळं ओढून घेते. जबड्याला दात, नखी एकच, अंग सुरकुतलेलं? मग दुसरं घराणं. दोन्ही कुशींना पिसं आणि शेवटी चार आकडे? ती पाण्यावर गरगर फिरणाऱ्या भुंगेऱ्याची.

याचा उपयोग काय, असं मला लग्नाच्या स्थळांपासून लेखापरीक्षकांपर्यंत सगळ्यांनी विचारलं आहे. उपयोग असा, की बाटलीभर पाणी तपासलं तर त्या घडीचं पाणी कळतं. अळी त्या पाण्यात महिनोन् महिने राहिलेली असते. ती साक्षीदार असते. कोणती अळी कुठे राहते, हे माहीत असेल तर गेल्या वर्षभरात त्या पाण्याचं काय झालं, हे ती सांगते. मात्र साक्षीदाराचं नाव बरोबर घ्यावं लागतं. म्हणून या धंद्यात एकच नियम मी नव्या लोकांना पहिल्या दिवशी सांगायचे: उलटं केल्याशिवाय नाव ठेवायचं नाही. वरून सगळेच सभ्य दिसतात. पोटाकडची बाजू पाहा, पाय मोजा, मग बोला.

आमच्याकडे कोण कोण यायचं! गांधीबाग बाजारातले एक कापडाचे ठोक व्यापारी एकदा काचेची बरणी छातीशी धरून आले. नळातून निघालेली अळी आत वळवळत होती. दोन नख्या, विळ्याचे जबडे.

"मॅडम, देखो. हे माह्या नळातून निघालं. करणी हाये का?"

"करणी नाही. तुमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं आहे. भुंगेरे रात्री दिव्याच्या उजेडाकडे उडत येतात, उघडं पाणी दिसलं की उतरतात. मग संसार थाटतात."

"झाकण तं शेजारच्याचं उघडं असते."

"त्याच्या टाकीतून तुमच्या नळात कशी येईल?"

त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, तुमी फक्त कागदावर लिहून द्या, का हा किडा शेजारच्याचा हाये."

मी म्हटलं, किड्याच्या अंगावर मालकाचं नाव नसतं. ते म्हणाले, "तुमी एवढं शिकल्या, मग पाहता काय?" आणि बरणी तिथेच ठेवून गेले. त्या अळीला मी आठवडाभर डासांची पोरं चारली. माझ्या कारकिर्दीत मला 'एवढं शिकल्या' म्हणणारा तो एकमेव ग्राहक, त्यामुळे त्याच्यावर माझा राग नाही.

प्रयोगशाळेतही करमणूक कमी नव्हती. आमच्या सोनटक्के साहेबांचा आणि माझा पहिला वाद पेन्सिलीवरून झाला. अळी स्पिरिटमध्ये ठेवतात, आणि तिच्याबरोबर बाटलीच्या आत कागदाची चिठ्ठी टाकतात: कुठून आणली, कधी आणली. ही चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, कारण पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. साहेब म्हणाले, "पेन्सिलीने लिहिलेला कागद ग्राह्य धरता येत नाही." तीन महिने आम्ही पेनाने लिहिलं. तीन महिन्यांनी आमच्याकडे अळ्यांच्या चाळीस बाटल्या होत्या, प्रत्येकीत फिकट निळं स्पिरिट आणि एक कोरी, अत्यंत ग्राह्य चिठ्ठी.

माझ्या मायक्रोस्कोपचं टेबल एका पायाने आखूड होतं. ईश्वरभाऊ म्हणजे आमचा ड्रायव्हर, शिपाई आणि एकंदरीत प्रयोगशाळेचा कणा. त्याने माझ्या पहिल्याच आठवड्यात त्या पायाखाली जुन्या कागदांचं एक जाड पॅड सरकवलं. सव्वीस वर्षं मी त्या पॅडच्या जिवावर अळ्यांच्या नख्या मोजल्या.

आणि होता तो फॉर्म. ओढे-नाले तपासून आलं की एकपानी तक्ता भरायचा. रंग, वास, गाळ असे रकाने, आणि सातवा रकाना: 'पाण्यात किडे: आहेत / नाहीत'. 'आहेत' वर टिक केली की ते पाणी 'नाला' या सदरात जायचं. एकदा नाला झालं, की त्यात कोणीही काहीही सोडायला, त्याच्यावर स्लॅब टाकायला मोकळं. 'किडे' या शब्दापुढे एक काळा ठिपका होता. फॉर्म झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिचीही झेरॉक्स असल्यामुळे तो ठिपका चिरडलेल्या डासासारखा दिसायचा.

"झेरॉक्सवाल्याच्या काचेवर माशी मेली असंन," ईश्वरभाऊ म्हणायचा.

स्वच्छ पाण्यात जास्त जातीचे किडे असतात, फार घाण पाण्यात ते टिकत नाहीत. म्हणजे आमचा फॉर्म चांगल्या पाण्याला शिक्षा करत होता. ही गोष्ट मी हळदीकुंकवापासून चर्चासत्रापर्यंत सगळीकडे नकला करून सांगायचे. लोक खूप हसायचे. मग ऑफिसात येऊन मी 'आहेत' वर टिक करायचे, खाली सुंदर सही करायचे. हसणं आणि टिक करणं, दोन्ही मनापासून.

चार वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. साठीच्या आसपास, नऊवारी, हातात घडी केलेला कागद. नाव कौसल्याबाई. बुटीबोरीच्या पलीकडच्या एका गावाची. तिने घडी उलगडली आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"हे सही तुमची हाये का?"

सही माझीच होती.

"मग तुमी आमच्या झरीले नाला काहून लिहून देल्लं?"

झरी हा टेकडीवरून येणारा लहानसा दगडाळ प्रवाह. तो कौसल्याबाईच्या गावच्या तलावात येतो. त्या तलावात ती आणि आणखी तीन बाया शिंगाडे लावतात. नवरा गेल्यावर त्याच शिंगाड्यांवर तिने दोन मुलींची शिक्षणं केली. आता वरच्या अंगाला एक नवा कारखाना येणार होता आणि त्याला आपलं वापरलेलं पाणी झरीत सोडायची परवानगी हवी होती. नदीत सोडायला परवानगी अवघड, नाल्यात सोपी. आणि झरी नाला आहे, याचा पुरावा म्हणून माझा फॉर्म जोडला होता.

"मी फक्त टिक केली," मी म्हटलं. हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर कसं ऐकू आलं, ते मी इथे लिहीत नाही.

"त्या टिकीनं आमचे वेल मरतीन," ती म्हणाली. "आमी हरकत घेतली हाये. मंगळवारी सुनावणी. तुमाले किडे समजतात म्हणून आली. तुमी त्याइले सांगा."

मी लगेच उभी राहिले. कॉलेजात मी एकांकिका केल्या आहेत, त्यामुळे उभं राहिल्याशिवाय मला निश्चय करता येत नाही. मी तिला सांगितलं, की वाहत्या, स्वच्छ, दगडावरून उड्या मारणाऱ्या पाण्यातच राहणारी एक अळी असते. सपाट, गोल, दगडाला चिकटलेली. आम्ही तिला टिकली म्हणतो. घाण पाण्यात ती जगूच शकत नाही. "तुमच्या झरीत टिकली सापडली, तर मी समितीपुढे अशी बोलेन, की सगळे उभे राहतील."

"टिकली? हे असली?" तिने कपाळाला हात लावला.

"तशीच. फक्त तपकिरी."

मंगळवारी सकाळी ती एसटीने आली. हातात स्टीलचा डबा, डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला दगड. दगडावर गोल, सपाट, तपकिरी, कपाळावरच्या टिकलीएवढं काहीतरी चिकटलेलं. माझ्या काळजात ढोल वाजले. सुनावणीला पाऊण तास होता. मायक्रोस्कोप दहा पावलांवर होता. पण ती दगडावरून काढली तर इजा होईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला तो दगड तसाच, फडक्यासकट, समितीच्या टेबलावर ठेवायचा होता.

समितीत अध्यक्ष, आमचे सोनटक्के साहेब, आणि कारखान्यातर्फे अहवाल करणारे एक सल्लागार. सल्लागारांनी टाय लावला होता. मी त्यांना लगेच ओळखलं, कारण ते सहा महिने माझ्याच हाताखाली शिकून गेले होते. हुशार होते. माझ्याकडे पाहून त्यांनी अदबीने मान लववली.

मी दगड ठेवला. फडकं दूर केलं. एक क्षण थांबले. मग म्हणाले, "ही या प्रवाहाची साक्षीदार."

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, किडे आहेत म्हणूनच तर तो नाला ठरला. आणि तुम्ही अजून एक किडा घेऊन आल्या?"

हशा झाला. मी तयारच होते. टिकली म्हणजे काय, ती कुठे राहते, तिच्या असण्याने पाण्याची कशी ग्वाही मिळते, हे मी हातवारे करून सांगितलं. हशा थांबला. अध्यक्ष पुढे वाकले. कौसल्याबाई दाराशी उभी होती, तिने पदर तोंडाला लावला होता. माझ्या आयुष्यातला तो सर्वोत्तम प्रवेश होता.

मग सल्लागारांनी हळूच विचारलं, "मॅडम, उलटं करून पाहिलं का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खोडसाळपणा नव्हता. तो खरोखरचा शिष्याचा प्रश्न होता.

पर्समधून भिंग आणि ब्रश काढला. ब्रशच्या टोकाने ती वस्तू दगडावरून उचलली आणि तळहातावर उलटी केली. पाय नव्हते. सहा नव्हते, चार नव्हते, एकही नव्हता. होता फक्त एक मऊ, ओला, चकाकणारा तळवा. गोगलगाय. टोपीसारखं कवच असणारी, दगडाला चिकटून राहणारी, संथ पाण्यात, अगदी घाणेरड्या पाण्यातही सुखाने नांदणारी इवलीशी गोगलगाय.

खोटं बोलता आलं असतं. भिंग माझ्याच हातात होतं. पण सल्लागार शेजारी उभे होते, आणि त्यांना मीच शिकवलं होतं.

"गोगलगाय आहे," मी म्हटलं.

अध्यक्षांनी लिहून घेतलं: तज्ज्ञांच्या म्हणण्यास आधार आढळला नाही. निर्णय त्याच दिवशी झाला असता, पण त्यांना एका समारंभाला जायचं होतं. पुढची तारीख पुढच्या मंगळवारची पडली. लोकशाहीत समारंभांचं महत्त्व मला त्या दिवशी कळलं.

कौसल्याबाई माझ्यामागे बाहेर आली. तिने डबा घेतला, फडकं पिळलं, घडी केली. मग म्हणाली, "म्या चुकीचा दगड आणला का?"

"चूक माझी आहे. हा दगड कुठून उचलला?"

"काठाजवळून. जिथं पाणी थांबते. जोरात पाणी पडते तिथं माहे गुडघे चालत नाई."

शनिवारी आम्ही झरीवर गेलो. मी, ईश्वरभाऊ आणि ती. जिथे पाणी दगडांवरून धडधडत खाली येतं, तिथे मी साडी खोचून उतरले. टिकली दिवसा दगडाच्या वरच्या अंगाला बसत नाही, खाली दडते. म्हणजे दगड उलटायचा, पाहायचा, जसा होता तसा परत ठेवायचा. पुढचा दगड. सकाळी नऊ ते दुपारी एक. मी दोनदा बसले, म्हणजे पडले. ईश्वरभाऊ काठावरून सूचना करत होता.

"मॅडम, तो मोठावाला पहा."

"तू ये ना गा मग पान्यात," कौसल्याबाई त्याला म्हणाली. "काठावरून तं माही बकरी बी सांगते."

ईश्वरभाऊने पॅन्ट वर केली आणि उतरला. त्याच्या मागोमाग, गुडघ्यांना शिव्या देत, ती स्वतः आली. माझ्या हाताला धरून ती त्या जोरात वाहणाऱ्या पाण्यात बसलीच सरळ. आणि बसल्या जागी तिने एक दगड उलटला.

"बाई, हे काय होय?"

गोल. सपाट. तपकिरी. ब्रशने हळूच सोडवली, पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी ठेवली, भिंग लावलं. मग भिंग कौसल्याबाईच्या हातात दिलं.

"मोजा."

ती वाकली. "एक... दोन... हलून राह्यली ना वं... चार... पाच..." ती थांबली. "सहा. सहा पाय हायेत, बाई. पोटाखाली लपवून ठेवले."

डोकंही वरच्या ढालीखाली दडलेलं, ढालीवर गोल कडेपर्यंत गेलेल्या रेघा. एकाच दगडाखाली तीन सापडल्या, पुढच्या दगडाखाली दोन. बाटलीत घातल्या, आत चिठ्ठी टाकली. पेन्सिलीने लिहिलेली.

सोमवारी दुपारी कौसल्याबाई मुद्दाम आली. सुनावणी दुसऱ्या दिवशी होती, आणि मी पुन्हा उलटं करायला विसरणार नाही ना, हे तिला पाहायचं असावं. सोनटक्के साहेबांनी बाटली पाहिली, मायक्रोस्कोपमधून पाय मोजले, कौतुक केलं. मग म्हणाले, "पण फॉर्मचं काय? किडे आहेत, हे तर पुन्हा सिद्धच झालं. 'आहेत' म्हणजे नाला. आपल्याला फॉर्मच्या बाहेर जाता येत नाही." आणि ते चहाला गेले.

त्यांचं बरोबर होतं. मी मांडी घालून स्वतःच्याच विनोदात बसले होते. इतकी वर्षं ज्यावर लोकांना हसवलं, तो रकाना आता माझ्याकडे पाहून हसत होता.

कौसल्याबाई स्टुलावर बसून फॉर्म निरखत होती. चौथीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर बोटाने वाचत. सातव्या रकान्यावर बोट थांबलं.

"बाई, इथं चांदणी काहून काढली हाये?"

"तो डाग आहे. झेरॉक्सचा."

"डाग कसा असंन? म्या आणलेल्या कागदावर बी इथंच हाये. आमच्या बचतगटाच्या फारमवर असतात नं अशा चांदण्या. खाली नाई तं मागं बारीक लिहेल असते."

मी भिंग घेतलं. ज्या भिंगाने मी हजारो नख्या मोजल्या, ते पहिल्यांदाच त्या ठिपक्यावर धरलं. कडा घासल्या होत्या, पण टोकं मोजता येत होती. पाच. मी फॉर्म उलटा केला. मागे कोरं. साहजिक आहे, आम्ही एकाच बाजूची झेरॉक्स काढत होतो.

"ईश्वरभाऊ, हा फॉर्म मुळात छापून आला होता ना? छापील प्रती कुठे आहेत?"

ईश्वरभाऊने डोकं खाजवलं. मग त्याची नजर हळूहळू खाली गेली. माझ्या टेबलाच्या आखूड पायाकडे.

मायक्रोस्कोप उचलला. टेबल कलतं केलं. ईश्वरभाऊने पॅड ओढलं. वरच्या पानांवर पायाचा गोल खळगा पडला होता, मधली पानं शाबूत होती. तोच फॉर्म, सुबक छापलेला. 'किडे' या शब्दापुढे स्वच्छ, पाच टोकांची चांदणी.

मी पान उलटलं. मागे, बारीक अक्षरात:

'किडे म्हणजे केवळ डासांच्या अळ्या समजाव्यात. इतर जलजीव आढळल्यास त्यांची नावे व ओळखीची लक्षणे खाली लिहावीत. अशा प्रवाहाचे सदर ठरवताना त्यांचा स्वतंत्र विचार करावा.'

आणि खाली सात रिकाम्या ओळी.

"काय लिहेल हाये?" कौसल्याबाईने विचारलं.

मी वाचून दाखवलं. ती खूश झाली. ईश्वरभाऊ टाळ्या वाजवू लागला. मी मात्र दुसरं स्टूल ओढून बसले.

दुसऱ्या दिवशी मी समितीपुढे हातवारे केले नाहीत. छापील फॉर्मची मागची बाजू आणि बाटली ठेवली. सातपैकी पाच ओळी मी भरल्या होत्या: वरून गोल व सपाट, डोके ढालीखाली, कडेपर्यंत आडव्या रेघा, खाली सहा पाय, वाहत्या पाण्यातील दगडाखाली आढळ. अध्यक्षांनी सल्लागारांना विचारलं, तुमचं म्हणणं काय? त्यांनी बाटली उचलली, भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. टाय सैल केला.

"मॅडमचं बरोबर आहे. आमच्या अहवालात हे आलेलं नाही." मग माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाले, "आम्ही दगड उलटले नव्हते."

प्रकरण फेरविचारासाठी गेलं. चार वर्षं झाली, अजून फेरविचारातच आहे. आयुष्यभर मी सरकारी दिरंगाईची टिंगल केली, आता मी तिच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करते. झरी वाहते आहे. दर हिवाळ्यात एसटीतून उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी येते, वर गाठ मारलेली आणि सोबत निरोप: "बाईले सांगा, पाय मोजूनच खा म्हना."

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती, आणि चर्चासत्रांत मी ती इथेच थांबवते.

सुनावणी झाल्यावर मी रेकॉर्डची कपाटं उघडली. जुने गठ्ठे काढले. झेरॉक्सचे फॉर्म, एकाच बाजूचे. सातवा रकाना, 'आहेत', टिक, सही. टिकच्या खुणा नीटस आहेत, माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं. कितीतरी कागदांवर मला ती जागा आठवली, ट्रेमध्ये काय निघालं होतं तेही आठवलं. इथे पिसांची अळी होती, चार आकड्यांची. इथे दोन नख्यांची इतकी मोठी होती, की ईश्वरभाऊ ओरडला होता. या सगळ्यांना मी नावानिशी ओळखलं होतं, वहीत लिहून ठेवलं होतं. फॉर्मवर मात्र फक्त 'आहेत'. त्यातले बरेचसे ओढे आज स्लॅबखाली आहेत. ती चांदणी फक्त कौसल्याबाईला दिसावी, इतकी काही ती लहान नव्हती. मला ती दिसत होती. कागद उलटून पाहायची गरज वाटली नाही, कारण तिच्याशिवाय माझा विनोद जास्त चांगला होत होता.

निवृत्तीच्या दिवशी मी टेबलाच्या पायाखाली विटेचा तुकडा ठेवला आणि ते पॅड साहेबांच्या हातात दिलं. आता तिथे दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढतात, असं ईश्वरभाऊ सांगतो. मागची बाजू कोणी भरतं का, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नंदनवनला आमच्या घरामागे पूर्वी एक ओढा होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तिथेच चाळणी घेऊन शिकले. आता त्यावर स्लॅब आहे, स्लॅबवर भाजीवाले बसतात. स्लॅबला एके ठिकाणी बोटभर फट आहे. परवा तिथे कोथिंबीर घेताना मी वाकून त्या फटीतून पाहत होते.

भाजीवाल्याने विचारलं, "काय पाहून राह्यल्या, बाई? काही पडलं का?"

"नाही. खाली पाणी आहे का, ते पाहते."

"पाणी कायचं, बाई," तो हसत म्हणाला. "नाला हाये तो."

त्याला तसं कोणी सांगितलं, ते मला ठाऊक आहे. त्या ओढ्याचाही फॉर्म गठ्ठ्यात सापडला होता, आणि सही फार सुंदर आहे.